नुंगमबाक्कमचे पाच लघुग्रह

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात ‘आशिया’ नावाचा एक लघुग्रह फिरतो. क्रमांक ६७, व्यास साठ किलोमीटरच्या आतबाहेर, सूर्याभोवतीची फेरी पावणेचार वर्षांची आणि स्वतःभोवतीची गिरकी सुमारे सोळा तासांची. घडण खडकाळ. ऑलिविन आणि पायरॉक्सीन या खनिजांची खूण त्याच्यासारख्या लघुग्रहांच्या परावर्तित प्रकाशात सापडते. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या नुंगमबाक्कम वेधशाळेतून नॉर्मन रॉबर्ट पोगसन यांनी तो शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्यांनी खंडाचेच नाव त्याला दिले. खगोलशास्त्राच्या इतिहासात या घटनेच्या वाट्याला सहसा एक ओळ येते आणि ती पोगसन यांच्या चरित्रातली असते: तीक्ष्ण नजरेचा एक इंग्रज मद्रासला आला आणि दोन-तीन महिन्यांत त्याला नवा ग्रह दिसला. या ओळीत खोटे काही नाही, पण तिने शोधाचे मर्म झाकले जाते. त्या काळी लघुग्रह ‘दिसणे’ हा कामाचा सर्वांत छोटा भाग होता. त्याच्या आधी ताऱ्यांची मोजदाद आणि नंतर वेधांचा पाठपुरावा नसेल, तर दिसलेला ठिपका पुन्हा आकाशात हरवून जाई. मद्रासचे पाच लघुग्रह या मोजदादीची आणि पाठपुराव्याची मिळकत आहेत. म्हणून त्यांचा इतिहास एका माणसाच्या डोळ्यांपाशी न थांबवता एका वेधशाळेच्या कामकाजात शोधायला हवा.

आधी थोडे मागे जायला हवे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या पियात्सी यांना सेरेस सापडला. १८०७ पर्यंत पॅलास, जुनो आणि व्हेस्टा यांची भर पडली आणि मग अडतीस वर्षे काहीच नाही. या काळात दुर्बिणी सुधारत होत्या, निरीक्षकही कमी नव्हते. उणीव होती ती बारीक ताऱ्यांच्या नकाशांची. बर्लिनच्या अकादमीने खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या सूचनेवरून १८२५ च्या सुमारास क्रांतिवृत्ताजवळच्या, म्हणजे सूर्य आणि ग्रह ज्या वाटेने फिरताना दिसतात तिच्या आसपासच्या, आकाशाचे तपशीलवार नकाशे करायला घेतले, ते काम १८५९ पर्यंत चालले. त्याच सुमारास हेन्के नावाचा पोस्टमास्तर स्वतःपुरते नकाशे काढत पंधरा वर्षे चिकाटीने शोध घेत राहिला आणि १८४५ मध्ये त्याला ॲस्ट्रिया हा पाचवा लघुग्रह सापडला. पुढे तर रांगच लागली. ज्या एप्रिलमध्ये मद्रासला आशिया सापडला, त्याच महिन्यात अमेरिकेत टटल यांना माया, मिलानमध्ये स्कियापारेल्ली यांना हेस्पेरिया आणि जर्मनीत लुथर यांना लेटो सापडला. एका महिन्यात चार ठिकाणी चार. यातला कोणताही शोध निव्वळ नशिबाचा मानायचा तर नशीब फारच वक्तशीर म्हणावे लागेल. नकाशे तयार झाले होते, त्यामुळे परका ठिपका ओळखता येऊ लागला होता.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. क्रांतिवृत्ताजवळचा आकाशाचा एखादा लहान तुकडा निवडायचा. त्यातले अकराव्या-बाराव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे बरेच मंद, तारे आधीच कागदावर मांडलेले असतात. दुर्बिणीत तोच तुकडा धरायचा आणि मंद दिव्याच्या उजेडात कागद आणि आकाश ताडून पाहायचे, ताऱ्यामागून तारा. शंभर-दीडशे ठिपक्यांत एक जास्तीचा आढळला तर तीन शक्यता उरतात: नकाशा काढणाऱ्याकडून तो सुटला असेल, तो रूपविकारी तारा असेल म्हणजे मागच्या वेळी फार मंद होता आणि आता उजळला असेल, किंवा तो ग्रह असेल. गावात परका माणूस आला हे गावकऱ्यालाच चटकन कळते, तसे हे आहे. नवख्याला सगळेच परके. मग त्या ठिपक्याचे शेजारच्या ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवायचे आणि वाट पाहायची. प्रतियुतीच्या, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर येण्याच्या, सुमारास पट्ट्यातला लघुग्रह वक्री असतो आणि दिवसाकाठी साधारण चंद्रबिंबाच्या निम्म्याएवढा सरकतो. दुसऱ्या रात्री ठिपका पश्चिमेकडे गेलेला दिसला की शंका मिटते. न सरकता नुसताच उजळ-मंद होत राहिला तर तो नवा रूपविकारी तारा म्हणून नोंदला जातो. म्हणजे ताडून पाहण्याची कृती एकच, पण तिच्यातून तीन वेगळ्या गोष्टी हाती लागतात: नकाशाची दुरुस्ती, रूपविकारी तारे आणि लघुग्रह. या तिन्हींत रस असलेला माणूसच या कामात टिकत असे.

पोगसन हे तसे होते. लंडनमध्ये खगोलशास्त्रज्ञ हिंड यांच्या हाताखाली आणि नंतर ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत ते या कामात तयार झाले होते. मद्रासला येण्याआधीच आयसिस, ॲरिअॅड्नी आणि हेस्टिया हे तीन लघुग्रह त्यांच्या नावावर होते. पण त्यांचे सर्वांत टिकाऊ काम वेगळे आहे आणि ते लघुग्रहांच्या शोधातूनच जन्माला आले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८५६ मध्ये त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. त्याचा विषय अगदी व्यवहारी होता: ठाऊक असलेल्यांपैकी छत्तीस लघुग्रह १८५७ सालच्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला किती तेजस्वी दिसतील याचे कोष्टक. असे कोष्टक करायचे तर ‘प्रत’ म्हणजे नेमके काय हे आधी ठरवावे लागते. तोवर प्रत्येक निरीक्षक आपापल्या अंदाजाने ताऱ्यांना प्रत देत असे. पोगसन यांनी सुचवले की एका प्रतीचा फरक म्हणजे तेजस्वितेत २.५१२ पट फरक मानावा. मग पाच प्रतींचा फरक बरोबर शंभर पट होतो आणि लॉगॅरिथमचे गणितही सोपे जाते. आज जगातल्या प्रत्येक वेधशाळेत हीच पट्टी वापरतात. दूरच्या दीर्घिकेची प्रत मोजणाऱ्याला हे ठाऊक नसेलही, पण ही पट्टी पट्ट्यातल्या खडकांचा हिशेब सोपा व्हावा म्हणून तयार झाली आहे.

आता मद्रासकडे वळू. १७८६ मध्ये विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने खासगी वेधशाळा सुरू केली, पुढे ती कंपनीने ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला तिची स्वतंत्र इमारत उभी राहिली. दुर्बीण बसवण्यासाठी तिथे ग्रॅनाइटचा एक प्रचंड खांब उभारला होता. तो आजही चेन्नईच्या हवामान केंद्राच्या आवारात आहे आणि त्यावरच्या कोरीव मजकुरात तमिळ आणि तेलुगूही आहे. ही वेधशाळा कुतूहलासाठी काढलेली नव्हती. जहाजांना वेळ हवी होती, नकाशांना रेखांश हवे होते आणि कंपनीला मुलूख मोजायचा होता. पुढे रेल्वेच्या घड्याळांनीही ‘मद्रास टाइम’ पाळला.  सरकार या वेधशाळेवर पैसे खर्च करी ते घड्याळासाठी. पण अचूक वेळ ताऱ्यांच्या याम्योत्तर लंघनावरून, म्हणजे ते दक्षिणोत्तर रेषा ओलांडतात त्या क्षणावरून, ठरते, त्यासाठी ताऱ्यांच्या जागा नेमक्या माहीत असाव्या लागतात आणि त्या रोज रात्री मोजाव्या लागतात. या रोजच्या रगाड्यातून टी. जी. टेलर यांनी १८४४ मध्ये ११,०१५ ताऱ्यांची मद्रासची सूची पुरी केली. तेव्हा पोगसन आले ती जागा अशी होती की जिथे तारे मोजून लिहून ठेवण्याची शिस्त तीन पिढ्या मुरलेली होती आणि त्या कामात तरबेज असलेले भारतीय साहाय्यक होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळे खरे असले तरी मद्रासचा खरा फायदा तिच्या अक्षांशात होता, नोंदवहीत नव्हे, असे म्हणता येईल. मद्रास विषुववृत्तापासून अवघ्या तेरा अंशांवर आहे. एप्रिलच्या मध्यावर सूर्यासमोरचा बिंदू, म्हणजे जिथे लघुग्रह सर्वांत तेजस्वी असतात ती जागा, आकाशीय विषुववृत्ताच्या दहाएक अंश दक्षिणेला असते. मध्यरात्री ती ऑक्सफर्डच्या क्षितिजावर जेमतेम अठ्ठावीस अंशांवर येते, मद्रासला सदुसष्ट अंशांवर. क्षितिजाजवळच्या धूसर हवेतून बारावी प्रत दिसणे आणि जवळजवळ डोक्यावर दिसणे यांत मोठे अंतर आहे. मुद्दा बरोबर आहे, पण पोगसन यांचाच पुरावा त्याला अर्धा खोडून काढतो. ॲरिअॅड्नी त्यांनी शोधला तो १५ एप्रिल १८५७ रोजी, ऑक्सफर्डहून. म्हणजे जवळपास त्याच तारखेला, त्याच माणसाने, उंच अक्षांशावरूनही तेच काम करून दाखवले होते. अक्षांशाने सोय झाली; शोध लागला तो पद्धतीने. अक्षांश खरोखर निर्णायक ठरला तो वेगळ्याच ठिकाणी. जानेवारी १८६७ मध्ये वेधशाळेतले साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा शोधला. तो दक्षिणेला इतका लांब आहे की युरोपातून उगवतच नाही आणि मद्रासलाही क्षितिजावर जेमतेम चौदा अंश चढतो. तिथली हवा सर्वांत वाईट. तरीही एका ठिपक्याची तेजस्विता मागच्या नोंदीशी जुळत नाही हे त्यांच्या ध्यानात आले.

पाठपुराव्याचे महत्त्व पटवायला मद्रासच्याच एका अपयशाइतका चांगला दाखला नाही. नोव्हेंबर १८७२ अखेर बीलाच्या धूमकेतूशी संबंधित उल्कावर्षाव झाला. तो पाहून ग्योटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनी मद्रासला तार केली की धूमकेतू पृथ्वीला जवळजवळ घासून गेला आहे, थीटा सेंटॉरी ताऱ्याजवळ शोधा. पोगसन यांनी शोधले आणि डिसेंबरच्या सुरुवातीच्या दोन पहाटे त्यांना तिथे खरोखरच एक धूमकेतू दिसला. मग आभाळ भरून आले आणि तिसरा वेध मिळालाच नाही. कक्षा ठरवायला निदान तीन वेध लागतात, दोन वेधांवरून काहीच सांगता येत नाही. तो धूमकेतू बीलाचा होता की दुसराच कुठला, हे त्यामुळे कधीच ठरले नाही. इथे तीक्ष्ण डोळा होता, दुर्बीण होती, शिवाय कुठे पाहायचे हे सांगणारी तारही होती. तरीसुद्धा हा शोध धूमकेतूंच्या यादीत अनिश्चितच राहिला. आशियाची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. १८६१ मध्ये भारत आणि युरोप यांच्यात तार नव्हती, ती १८६५ मध्ये आली. बातमी डाकेच्या आगबोटीने जायची आणि ती पोचून युरोपातला कोणी दुर्बीण वळवेपर्यंत लघुग्रह वीस-तीस दिवसांचा प्रवास करून पुढे गेलेला असे. वेध मद्रासलाच, रात्रीमागून रात्र आणि पुरेसे घेतले नसते तर तो तिथेच हरवला असता. त्याला ६७ हा क्रमांक मिळाला याचा अर्थ हाच की मद्रासने आपली वही पुरती भरली होती.

श्रेयाचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. एकीकडे असे म्हणणारे आहेत की हे सगळे साम्राज्याचे विज्ञान: माणूस इंग्रज, यंत्रे इंग्रजी-फ्रेंच, नावही ग्रीकांकडून आलेले, यात आशियाचे काय? दुसरीकडे असा उत्साहही दिसतो की प्रत्येक शोधामागे दडलेला भारतीय हात शोधून काढायचाच. दोन्ही टोके मला मान्य नाहीत. आशिया लघुग्रह पोगसन यांनी शोधला, त्याचे श्रेय त्यांचे आणि ते दुसऱ्याला वाटून देण्याची गरज नाही. पण ज्या कामकाजात तो सापडला, ते एकट्याचे नव्हते. रघुनाथाचारी पोगसन यांच्याही आधीपासून वेधशाळेत होते, पुढे पहिले साहाय्यक झाले आणि १८७२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात वनपर्तीच्या तुकडीचे काम त्यांच्याकडे होते. प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे दृग्गणित पंचांग काढण्याचा त्यांचा खटाटोप तर मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण जवळपास त्याच काळात केरो लक्ष्मण छत्रे पटवर्धनी पंचांगाच्या रूपाने आपल्याकडे तोच वाद लढत होते. वेध खरा की पोथी खरी, हा प्रश्न दोघांपुढेही होता. पोगसन यांची मुलगी एलिझाबेथ आयसिस १८७३ पासून वेधशाळेत साहाय्यक होती. १८८६ मध्ये फेलोपदासाठी तिचे नाव सुचवले गेले, पण स्त्री म्हणून ते मागे घ्यावे लागले, आणि ते पद तिला मिळाले १९२० मध्ये. लघुग्रहांच्या यादीत शोधकाच्या रकान्यात एकच नाव बसते. वेधशाळेच्या वहीत अनेकांचे अक्षर असते.

सर्वांत टोकदार आक्षेप उपयोगाचा आहे. १८६० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञच लघुग्रहांना कंटाळू लागले होते. १८६८ मध्ये यादीने शंभरी गाठली. प्रत्येकाची कक्षा आणि दरवर्षीची स्थाने काढत बसणे हे ओझे झाले होते. आणखी एक खडक सापडून काय साधणार? याला मद्रासनेच उत्तर दिले आहे, फक्त ते पंचवीस वर्षांनी मिळाले. २ मे १८६४ रोजी पोगसन यांना मद्रासहून सॅफो हा आणखी एक खडकाळ लघुग्रह सापडला, क्रमांक ८०. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७४ मध्ये, शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकण्याची घटना, आले. पृथ्वी-सूर्य अंतर ठरवण्यासाठी युरोपीय सरकारांनी जगभर मोहिमा पाठवल्या, आपल्याकडे रुरकीला वेध घेतले गेले. त्याचे महत्त्व सामान्य माणसाला कळावे म्हणून रघुनाथाचारींनी पुस्तिका लिहिली, ती भारतीय भाषांतही निघाली. एवढा खटाटोप होऊनही निष्कर्ष समाधानकारक आला नाही, कारण सूर्याच्या कडेला टेकताना शुक्राचे बिंब ओघळल्यासारखे दिसते आणि स्पर्शाचा क्षण नेमका पकडता येत नाही. ब्रेस्लाऊच्या गाले यांनी सुचवलेला दुसरा मार्ग असा होता की लघुग्रहाचे लंबन, म्हणजे पृथ्वीवरच्या वेगळ्या ठिकाणांहून पाहताना त्याची जागा किती सरकलेली दिसते ते, मोजावे. त्याला बिंब नसते, तो ताऱ्यासारखा टाचणीएवढा ठिपका असतो आणि म्हणून शेजारच्या ताऱ्यापासून त्याचे अंतर अतिशय बारकाईने मोजता येते. लघुग्रह ज्या क्षुद्रपणामुळे कंटाळवाणे वाटत होते, तोच इथे गुण ठरला. १८८८-८९ मध्ये केप वेधशाळेच्या डेव्हिड गिल यांनी अमेरिका आणि जर्मनीतल्या वेधशाळांच्या मदतीने आयरिस, व्हिक्टोरिया आणि सॅफो या तीन लघुग्रहांचे वेध घेतले. त्यावरून सूर्याचे लंबन ८.८० कोनीय सेकंद आले, म्हणजे अंतर सुमारे चौदा कोटी पंच्याण्णव लाख किलोमीटर. हे मूल्य १८९६ च्या पॅरिस परिषदेत स्वीकारले गेले आणि १९६० च्या दशकात रडारच्या मोजणीने ८.७९४ हा आकडा देईपर्यंत पंचांगांत टिकून राहिले. शुक्राच्या मोहिमांनी जे साधले नाही, ते साधण्यात नुंगमबाक्कमच्या वहीत नोंदलेल्या एका खडकाचा वाटा होता. सॅफो १८६४ मध्ये शोधला तेव्हा हा उपयोग कुणाच्या डोक्यातही नसणार. ज्याचा उपयोग आज दिसत नाही त्याचीही नीट नोंद ठेवावी, असे मी मानतो ते अशा दाखल्यांमुळे.

‘खडकाळ’ हे विशेषणही असेच उशिरा आले. पोगसन यांच्या दुर्बिणीत या लघुग्रहांचा पृष्ठभाग दिसणे शक्यच नव्हते. त्यांच्या प्रकाशाचे रंग मोजून वर्गवारी करण्याची पद्धत १९७५ च्या सुमारास रुळली आणि त्यातल्या खडकाळ वर्गाचे नाते पृथ्वीवर पडणाऱ्या साध्या अशनींशी आहे हे जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इतोकावा लघुग्रहावरचे कण आणले तेव्हा पक्के झाले. मद्रासच्या पाचांपैकी सिल्व्हिया आणि कॅमिला हे मात्र काळपट, वेगळ्या घडणीचे आहेत. सिल्व्हियाला तर दोन चंद्र निघाले.

पोगसन यांच्याही बाजूला दोष होता. ते वेध घेत राहिले, पण प्रसिद्ध करायला त्यांना वेळ मिळाला नाही. याम्योत्तर वेधांचा मोठा साठा अनेक वर्षे अप्रकाशित पडून होता आणि काही भाग त्यांच्या मागे त्यांचे उत्तराधिकारी मिची स्मिथ यांनी पुरा केला. नोंदवहीच्या बाजूने एवढे बोलल्यावर हेही सांगितलेच पाहिजे की न छापलेली वही जगाच्या दृष्टीने अर्धीच असते. लघुग्रहांचे वेध मात्र वेळीच कळवले गेले, कारण ते अडकले असते तर ग्रहच हातचा जाता. ६ फेब्रुवारी १८८५ रोजी पोगसन यांना व्हेरा सापडला, तो मद्रासचा पाचवा आणि शेवटचा. जून १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला. काचेवर तारे ठिपके उमटवतात आणि सरकणारा लघुग्रह बारीक रेघ सोडतो. नकाशा आणि आकाश डोळ्यांनी ताडण्याची कला तिथे संपली. १८९९ मध्ये वेधशाळेचा मुख्य कारभार कोडाईकनालला गेला आणि तिचा विषय सूर्य झाला. त्यानंतर भारतातून नवा लघुग्रह सापडला तो १७ फेब्रुवारी १९८८ रोजी, तमिळनाडूतल्याच कवलूर वेधशाळेत, आर. राजमोहन यांना. तिथल्या ४५ सेंटीमीटरच्या श्मिट दुर्बिणीने छायाचित्रे घेऊन तो मिळाला, पुरेसे वेध जमून त्याची कक्षा पक्की झाली तेव्हा त्याला ४१३० हा क्रमांक मिळाला आणि रामानुजन हे नाव देण्यात आले.